डबा चालेल, मेसेज नको

कोल्हापूरच्या एका उपनगरात राहणाऱ्या, शाळेच्या कार्यालयातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका ख्रिस्ती भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या समोरच्या घरातील गृहस्थांना गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. ते सीपीआर या सरकारी रुग्णालयात होते तोवर या भगिनी रोज डबा पोहोचवत असत. ते घरी आल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा डबा जात राहिला, आणि त्याशिवाय रोज सकाळी साडेसहाला शेजारीणबाईंच्या मोबाइलवर फुलांच्या चित्रासह पवित्र शास्त्रातील एक वचन. तीन आठवड्यांपूर्वी शेजारीणबाई दारातच म्हणाल्या, "ताई, डबा चालेल, पण सकाळचे ते मेसेज नका पाठवू. घरात वेगळा अर्थ काढतात." त्या दिवसापासून भगिनींनी मेसेज थांबवले आणि जाणेही थांबवले. त्यांचे यजमान म्हणतात, "लोकांना तुझी कळकळ कळत नाही, तर कशाला जातेस?" चर्चच्या मंडळीतील एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की प्रभूचे नाव न घेता केलेली मदत म्हणजे नुसती समाजसेवा. भगिनी विचारतात, "मी गप्प राहून डबा देत राहिले तर ते प्रभूला नाकारणे ठरेल का? आणि माझ्यासारख्या, चारचौघांत बोलताही न येणाऱ्या बाईने कुणाला धीर द्यायचा तरी कसा?"

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. "त्यांनी मला नाकारले" हे वाक्य तुम्ही चार पानांत तीन वेळा लिहिले आहे. शेजारीणबाईंचे स्वतःचे शब्द मात्र एकदाच आले आहेत, आणि त्यांची सुरुवात "डबा चालेल" अशी आहे. तुमच्या मनात राहिले ते "पण"च्या पुढचे तेवढेच. त्यांनी एका मेसेजला नको म्हटले. तुम्हाला नको म्हटल्याचे मला तरी त्या वाक्यात कुठे सापडले नाही. उलट मेसेज नको असेल तर न सांगता नंबर ब्लॉक करणे किती सोपे होते, याचा विचार करून पाहा. त्या बाईंनी दारात उभे राहून, तुमच्या तोंडावर, तुम्हाला ताई म्हणून ते सांगितले. ज्या माणसाशी संबंध ठेवायचा असतो त्यालाच आपण असे सांगतो. त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात काय गेले असेल? मेसेज थांबले हे त्यांनी मागितलेलेच होते, पण ताईही थांबल्या, ते त्यांनी मागितले नव्हते.

"घरात वेगळा अर्थ काढतात" या शब्दांनी तुम्ही दुखावलात, हे स्वाभाविक आहे. तुमच्या मनात तसे काही नसताना कुणी संशय घेतला की लागतेच. तरीही तो संशय कुठून येतो हे आपण ख्रिस्ती लोकांनी शांतपणे पाहिले पाहिजे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले तेव्हापासून आपल्या शाळा आणि दवाखाने या भागात आहेत, आणि त्यांचे ऋण मानणारी माणसे सर्व समाजांत आहेत. पण 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत भुकेलेली मुले मिशनांच्या आश्रयाला आली, पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावला नेऊन वाचवले, त्याच काळात "दाण्यासाठी धर्म" ही कुजबुजही मुळे धरून बसली. मुले खरोखर वाचली आणि कुजबुजही खरोखर झाली. तुमच्या डब्यात भाकरी आणि पिठले याशिवाय काही नसले तरी, त्या घरातील कुणाला त्यात आणखी काही दिसले तर तो त्यांचा दुष्टपणा आहे असे मानू नका. शेजारीणबाई त्यांच्या घरात तुमची बाजू मांडत असतील, आणि रोज सकाळी साडेसहाला वाजणारा मोबाइल त्यांची अडचण वाढवत असेल, अशी शक्यता मला जास्त वाटते.

आता थोडे कठोर लिहिते. वयाने मोठी आहे म्हणून सहन करा. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे, की "निदान नाताळच्या उपासनेला तरी त्या येतील असे वाटले होते." हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, याचे मला कौतुक आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळजण हे स्वतःलाही सांगत नाहीत. परंतु तुमच्या दुःखाचा काही भाग त्या अपेक्षेत आहे का, हे तपासून पाहा. अपेक्षा वाईट नव्हती. आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटते ते दुसऱ्याला मिळावे असे वाटणारच. पण डब्याबरोबर मनातल्या मनात एक उधारीची वही चालू झाली, की समोरच्याला ती दिसत नसली तरी जाणवते. आजाऱ्याच्या घरातील माणसांना तर फार लवकर जाणवते, कारण तिथे कोण कशासाठी येते हे पाहण्यावाचून त्यांना दुसरा उद्योगच उरलेला नसतो.

तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्याकडे वळते. नाव न घेता केलेली मदत ही नुसती समाजसेवा, या वाक्यातील "नुसती" हा शब्द मला बोचतो. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचा प्रसंग आहे. भुकेल्याला खायला दिले, आजाऱ्याची भेट घेतली म्हणून राजा ज्यांना धन्य म्हणतो, ते चक्रावून विचारतात, की प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिले? या प्रश्नाकडे आपण उपदेशांत फारसे थांबत नाही. आपण प्रभूची सेवा करत होतो हे त्यांना ठाऊकच नव्हते! त्यांनी त्या भुकेल्यासमोर कुणाचे नाव घेतले होते असे तिथे लिहिलेले नाही. तेव्हा तुमचा डबा नावाशिवाय अपुरा ठरतो, हे मी तरी त्या अध्यायावरून म्हणू धजणार नाही.

दुसरे म्हणजे, धीर देणे म्हणजे बोलणे, असे तुम्ही आणि तुमची मैत्रीण दोघीही धरून चालला आहात, आणि म्हणूनच "मला बोलता येत नाही" हे तुम्हाला मोठे न्यून वाटते. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत धीर देणे, बोध करणे आणि विनवणी करणे या तिन्हींसाठी एकच क्रियापद येते, आणि त्याचा मुळातला अर्थ "जवळ बोलावणे" असा आहे. म्हणजे आधी जवळ असणे, मग जमल्यास शब्द. प्रेषितांनी ज्याला बर्णबा, म्हणजे आपल्या जुन्या मराठी शास्त्रातला "बोधपुत्र", हे नाव ठेवले त्या माणसाचेच पाहा. एवढे नाव मिळवणाऱ्याचे एकट्याचे एकही वाक्य, प्रेषितांची हकीकत लिहिणारा लूक शब्दशः देत नाही. त्याने शेत विकून पैसे आणून दिले. ज्या शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, यरुशलेमातील सगळे शिष्य भीत होते त्याला सोबत घेऊन तो प्रेषितांकडे गेला. आणि मार्क नावाचा त्यांचा सोबती प्रवासात एकदा अर्ध्या वाटेवरून परतला म्हणून पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता, तेव्हा बर्णबाने पौलाशी फारकत पत्करली, पण त्या मुलाला घेऊन तो कुप्रास गेला. पुढे तोच मार्क पौलाला उपयोगाचा वाटला, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. सोबत चालणे हाच बर्णबाचा बोध होता, आणि त्याला वक्तृत्व लागले नाही.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकले नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता त्या दिवसांत, आम्ही काहीजणी एका शाळेतल्या निवाऱ्यात साहित्य वाटायला जात होतो. प्रत्येक पिशवीत चादर, साबण, बिस्किटे आणि वर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली वचनाची चिठ्ठी. एका शेतकरी गृहस्थांनी पिशवी घेतली, चिठ्ठी पूर्ण वाचली, तिची नीट चार पदरी घडी केली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. मग मान वर करून म्हणाले, "बाई, बारीक पिनचा चार्जर हाय का हो कुणाकडं?" त्यांची दोन जनावरे सोडून यावे लागले होते आणि गावात थांबलेल्या भावाशी दोन दिवस बोलणे झाले नव्हते. माझ्याकडे चाळीस चिठ्ठ्या होत्या, चार्जर एकही नव्हता. आमच्याबरोबर आलेल्या, पुढे बसून प्रार्थना करायला नेहमी नकार देणाऱ्या एका मुलीने कुठूनतरी तीन चार्जर आणि एक विजेची पट्टी मिळवली आणि रात्रभर त्या खोलीत पाळीपाळीने मोबाइल चार्ज होत राहिले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ तिला शोधत आले, आणि मी शेजारीच उभी होते. त्यांनी चिठ्ठी फेकली नाही, हा त्यांचा मोठेपणा. ती त्या क्षणी त्यांच्या कामाची नव्हती, हे न ओळखणे हा माझा आंधळेपणा.

नीतिसूत्रांच्या 25 व्या अध्यायात दुःखी मनापुढे गाणी गाणाऱ्याची तुलना थंडीच्या दिवसात दुसऱ्याचे वस्त्र काढून घेणाऱ्याशी केली आहे. आपल्याकडे हे वचन फुलांच्या चित्रावर कुणी छापत नाही! गाणे वाईट नसते. वेळ वाईट असते. नवरा कुशीवर वळूही शकत नसताना, रात्रीतून तीनदा उठलेल्या बाईला साडेसहाला "चिंता करू नका" असा संदेश आला, तर तो धीर वाटण्याऐवजी आणखी एक आज्ञा वाटू शकतो. ही गोष्ट आपल्या वचनांपुरती नाही. सकाळी सुविचार, श्लोक, अभंग, दुआ पाठवणाऱ्या माझ्या सर्व धर्मांच्या वाचकांनी ती आपापल्या मोबाइलशी ताडून पाहावी.

याच आपल्या गावातला एक प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो मी तुमच्या प्रश्नासाठी पुन्हा सांगते. राजवाड्यात नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना, अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून, इतर नोकरांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली आणि कांबळ्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. समतेवर भाषण करणे त्यांना अवघड नव्हते, पण त्या माणसाला त्या दिवशी हवे होते ते गिऱ्हाईक. मदतीचे पैसे देऊन महाराज घरी बसले असते तरी लोकांनी त्यांना दयाळूच म्हटले असते; पण त्यांनी कांबळ्यांच्या हातचे घेतले. ही जी घेण्याची बाजू आहे, तिच्याविषयी मला तुमच्याशी शेवटी बोलायचे आहे.

त्याआधी काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या अशाच परिस्थितीतील इतरांनाही उपयोगी पडाव्यात. आजारपणात पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. खरी एकटेपणाची वेळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते, जेव्हा पाहुणे संपतात आणि आजार तसाच राहतो. तुमची शेजारीण आज नेमकी तिथे आहे. "काही लागले तर सांगा" असे म्हणू नका. ते वाक्य सगळे म्हणतात आणि त्यावर कुणीही काही मागत नाही. त्याऐवजी, "बुधवारी अकरा ते साडेबारा मी यांच्यापाशी बसते, तुम्ही बँकेत जाऊन या, नाहीतर आत जाऊन झोपा," असे ठरलेल्या वेळेचे आणि ठरलेल्या कामाचे बोला. त्यांनी नको म्हटले तर वाईट वाटून न घेता पुढच्या आठवड्यात एकदा पुन्हा विचारा, आणि नेमून दिलेला दिवस मग चुकवू नका. डबा नेण्याआधी पथ्य विचारा. अर्धांगवायूनंतर काहींना गिळायला त्रास होतो आणि पातळ पदार्थाने ठसका लागून तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रेमाने केलेले सूपही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यांच्या तोंडाला लावू नका.

आणि त्या गृहस्थांशी बोला. त्यांना शब्द फुटत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, पण झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली आहे अशा कित्येकांना ऐकलेले बरेचसे समजत असते. घरी येणारा प्रत्येकजण त्यांच्या डोक्यावरून बायकोला विचारतो, "आता कसे आहेत?" तुम्ही खुर्ची त्यांना दिसेल अशी ओढून घ्या, ज्याचे उत्तर मानेने देता येईल असा प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. रंकाळ्यावर फिरायला जाणारा माणूस होता ना तो, तुम्हीच लिहिले आहे. मग रंकाळ्याचे सांगा. त्या दहा मिनिटांत त्यांना रुग्णाऐवजी माणूस म्हणून वागवले गेले, तर त्यांच्या पत्नीलाही ते दिसेल.

मग साक्षीचे, म्हणजे आपला विश्वास बोलून दाखवण्याचे, काय? तुमचा प्रश्न मी टाळत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सिद्ध असा, असे सांगितले आहे. उत्तर द्यायचे म्हणजे आधी कुणीतरी विचारलेले असते. तुमचे काम सिद्ध असण्याचे आहे. प्रश्न पडावा अशी घाई करण्याचे नाही. तुम्ही ख्रिस्ती आहात हे लपवायचेही कारण नाही. रविवारी उपासनेला जाते म्हणून येणार नाही, हे जसे आहे तसे सांगा. घरी, भाकरी थापताना, त्या दोघांसाठी नावे घेऊन प्रार्थना करा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि तिथे कुणी वेगळा अर्थ काढायला येत नाही. कधी त्याच म्हणाल्या, "ताई, तुमच्या देवाला सांगा," तर तिथेच दोन वाक्यांत, साध्या मराठीत सांगा, आणि प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. त्यांनी कधीच विचारले नाही तर? तर त्यांनी विचारले नाही. तुमच्या भाकरीची चव त्यामुळे बदलण्याचे कारण नाही.

तुमच्या यजमानांचे म्हणणेही मी उडवून लावणार नाही. दोन घरांचा स्वयंपाक करून तुमचे गुडघे दुखतात हे पत्राच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात लिहिले आहे, आणि कदाचित त्यांना त्याचीच काळजी असेल. आठवड्यातून एकच डबा द्या. मंडळीच्या महिला मंडळात आणखी दोघी तयार असतील तर त्यांनाही वार वाटून द्या, मात्र शेजारीणबाईंना आधी विचारून. नाहीतर दारात तीन अनोळखी बायका पाहून घरातला तो "वेगळा अर्थ" पक्काच व्हायचा.

आता ती घेण्याची बाजू. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीपाशी शमरोनी स्त्रीला भेटतो, तेव्हा त्याचे पहिले बोलणे देण्याचे नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. जिच्या हातचे यहुदी लोक घेत नसत, तिच्याकडे तो तहानलेला माणूस म्हणून मागतो, आणि पुढचा सगळा संवाद त्या मागण्यातून उघडतो. भगिनी, गेल्या चार महिन्यांत तुम्ही त्या घराला पुष्कळ दिले. त्या घराकडून काही घेतलेत का? सतत घेत राहणाऱ्या माणसाची मान हळूहळू खाली जाते, आणि तिला वर करण्याचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे त्याच्याकडे काहीतरी मागणे.

तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे, की त्या दिवशी तुमचा डबा परत देताना शेजारीणबाईंनी आपल्या घरच्या लहान स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी घालून दिली होती, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचे नाव कोरलेले आहे, चटणी यजमानांनी दोन दिवसांत संपवली आणि तो डबा अजून तुमच्या ओट्यावरच आहे. ज्या बाईने दारात तुम्हाला मेसेज नको म्हटले, तिने त्याच हाताने हा डबा दिला. रात्रीची झोप नाही, नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि तिने शेंगदाणे भाजून, सोलून, कुटून तुमच्यासाठी चटणी केली. तुम्ही ती खाल्लीत, आणि नाकारल्याचे पत्र मला लिहिलेत.

तो डबा घासून ठेवला असेलच. रिकामा नेऊ नका, साखर घाला किंवा घरात असेल ते घाला. सकाळी अकराच्या सुमारास, त्यांचे आंघोळपाणी उरकल्यावर जा. मेसेजचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर "बरे झाले सांगितलेत" एवढेच म्हणा. आणि आत बोलावले तर बसा, आणि चटणीत लसूण किती घातला होता ते विचारा.